चार तळहातांवरची मस्ती

आरे-वारेच्या वळणावर रविवारी संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. खाली समुद्र, वर गाडी, फोटोला जागा उत्तम. तिथे एका मुलाने मला हात करून थांबवलं आणि आपली स्विफ्ट दाखवली. कंपनीचे १८५/६५ आर १५ टायर काढून त्याने २०५/४५ आर १७ बसवले होते. काळे अलॉय, टायरवर पॉलिशची चकाकी. "काका, ट्रॅक सेटअप आहे हा. आंबा घाटात काय वळते सांगू!" मी त्याला चार प्रश्न विचारले. टायर कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनले? थंड असताना हवा किती ठेवतोस? घाट चढून आल्यावर ती किती होते? अलाइनमेंटच्या कागदावर कॅम्बर किती आहे? चारांपैकी एकाचंही उत्तर त्याच्याकडे नव्हतं. किंमत मात्र तोंडपाठ होती.

मला त्या मुलाचा राग आला. ते टायर त्याच्या गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराचा त्याहून जास्त आला. पण सगळ्यात जास्त संताप होतो तो या समजुतीचा, की गाडी वेगाने वळवायची तर टायर रुंद हवा, चपटा हवा, महाग हवा, आणि एकदा बसवला की काम झालं. ही समजूत अडाणीपणाची आहे. ट्रॅकसाठी टायर निवडायला जेवढी अक्कल लागते, त्याच्या दसपट तो लावायला लागते. हवा किती, चाकाचा कल किती, रबर तापतं किती आणि झिजतं कुठे, हे मोजल्याशिवाय जगातला सर्वोत्तम टायरसुद्धा नुसतं काळं रबर आहे.

हिशोब करून पाहा. गाडी माणसासकट हजार किलो धरा. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो दाब. हजारला २.३ ने भागलं की येतात जेमतेम ४३५ चौरस सेंटिमीटर. चार चाकांत वाटा, प्रत्येकाच्या वाट्याला एक तळहात. ब्रेक, वळण, वेग, मागच्या सीटवर झोपलेलं पोर, सगळं या चार तळहातांवर. टायरची भिंतही थोडा भार उचलते, म्हणून हिशोब तंतोतंत नाही, पण ढोबळमानाने खरा आहे. आता टायर रुंद करा आणि हवा तेवढीच ठेवा. रस्त्यावरचा ठसा फारसा वाढत नाही, त्याचा आकार बदलतो: आडवा रुंद होतो, लांबीला आखूड. कोरड्या वळणात त्याचा फायदा होतो, ते मी नाकारत नाही. पण पाणी साचलेल्या रस्त्यावर त्याच रुंदीला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि आपण राहतो रत्नागिरीत, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

त्या मुलाच्या टायरची भिंत १२० मिलिमीटरवरून ९२ वर आली होती. ट्रॅकवर ही आखूड भिंत चांगली, स्टिअरिंगला लगेच उत्तर देते. पण मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि त्यातले खड्डे चौदा-पंधरा पावसाळे आपल्या ओळखीचे आहेत. त्या खड्ड्याच्या काठावर ९२ मिलिमीटरची भिंत रिम आणि डांबर यांच्यामध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात, दोन दिवसांनी बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर म्हणजे फुटायला आलेला टायर. आणखी एक गोष्ट दुकानदाराने त्याला सांगितली नव्हती. मूळ टायरवर ८८ हा भाराचा आकडा असतो, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. २०५/४५ आर १७ साध्या बांधणीत ८४ चा येतो, म्हणजे ५०० किलो. चार टायरांत मिळून २४० किलोची ताकद कमी झाली. वाढलं काय, तर शोभा.

मग ट्रॅकसाठी टायर निवडायचा कसा? माझं मत स्पष्ट आहे आणि ते विकणाऱ्यांना आवडत नाही. पहिल्या तीन-चार खेपांना निवडूच नका. गाडीच्या मूळ मापाचा, अलीकडे बनलेला, चांगल्या कंपनीचा रस्त्याचा टायर घेऊन जा. तो वळणात ओरडतो, हळूहळू घसरतो, चूक झाली की आधी कळवतो. चिकट रबराचा टायर तुमच्या चुका पोटात घालतो आणि मग एका वळणावर सगळ्या एकदम बाहेर काढतो. शिकणाऱ्याला ओरडणारा टायर हवा.

हात बसल्यावर रबराकडे वळा. टायरच्या भिंतीवर ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो. घरगुती टायरवर तीनशे-चारशेच्या घरात, ट्रॅकवर चालणाऱ्यावर दोनशे किंवा त्याहून कमी. परदेशात हौशी शर्यतींच्या अनेक वर्गांत दोनशे हीच सीमा धरतात. आकडा जितका कमी तितकं रबर मऊ आणि आयुष्य थोडं, असा ढोबळ अर्थ. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एका कंपनीचे दोनशे आणि दुसरीचे दोनशे यांची तुलना करत बसू नका. त्यापेक्षा भिंतीवरचे दुसरे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मला एका दुकानाने 'नवीन माल' म्हणून चार वर्षं गोदामात पडलेला संच विकला होता. मी तेव्हा आकडे वाचले नाहीत. रबर कडक झालेलं, पहिल्याच सत्रात कडेचे तुकडे उडाले. पावतीवर 'नवीन' लिहिलेलं असल्याने भांडायलाही जागा नव्हती. तेव्हापासून टायर रिमवर चढण्याआधी मी स्वतः वाकून चारही तारखा वाचतो. दुकानदाराचं तोंड वाकडं होतं, होऊ दे.

एक विरोधाभास आमच्याकडे कोणी समजून घेत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. कोरड्या ट्रॅकवर हे उंच ठोकळे वळणात वाकतात, आतून तापतात आणि फाटतात. अर्धी नक्षी उरलेला टायर तिथे जास्त टिकतो आणि जास्त पकडतो. उलट आपल्या पावसाला पूर्ण नक्षी हवी. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत परवानगी देतो, पण जुलैत हातखंब्याच्या उतारावर तेवढ्या नक्षीच्या भरवशावर गाडी हाकणारा माणूस कायद्यात बसत असेल, शहाण्यांत बसत नाही. याचा अर्थ सरळ आहे. ट्रॅकची हौस असेल तर दोन संच लागतात, दोन रिमांवर. ते परवडत नसेल तर टायर रस्त्याचे ठेवा. एकाच संचात दोन्ही साधेल म्हणणारा विक्रेता खोटं बोलतो.

आता हवा. या एका विषयावर माझ्याइतकी शिक्षा फार थोड्यांनी खाल्ली असेल. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, ३.७ किलोमीटरचा एक फेरा, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रत्नागिरीत भरलेली ३३ हवा तशीच घेऊन उतरलो. दोन फेरे गाडी छान धावली. चौथ्या फेऱ्यात पुढचं चाक वळेना, साबणावर पाय पडावा तसं. आत येऊन गेज लावलं तर ४१. गाडीला किंवा ट्रॅकला दोष नव्हता, मी गणित केलं नव्हतं. तीस अंशांवरची हवा ऐंशी अंशांवर गेली की ३३ ची एकेचाळीस होतेच, शाळेतल्या भौतिकशास्त्राचा नियम आहे. टायर फुगतो, ठसा मधल्या पट्ट्यावर उरतो, पकड जाते.

म्हणून ट्रॅकवर थंड हवेचा आकडा महत्त्वाचा नसतो, गरम हवेचा असतो. माझ्या गाडीला, रस्त्याच्या टायरवर, गरम असताना ३५ च्या आसपास बरं वाटतं. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, तो तुम्हीच शोधायचा. तीन-चार फेरे मारा, आत या, लगेच गेज लावा, जास्तीची हवा सोडा, वहीत लिहा. पुन्हा जा. उजव्या वळणांचा ट्रॅक असेल तर डावी चाकं जास्त तापतील, मग चारही चाकांत सारखी हवा ठेवणं चूक आहे. ज्याच्याकडे वही नाही तो ट्रॅकवर फक्त पेट्रोल जाळायला आलेला असतो.

आणि हे नीट ऐका, कारण इथेच माणसं मरतात. ऐंशी अंशांवर ३५ केलेली हवा रात्री टायर थंड झाला की २८ उरते. तशीच गाडी घेऊन परत निघालात आणि वाटेत पाऊस लागला तर काय होतं? नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी साठच्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून दाखवलं की टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्यांच्या सूत्राने साचलेल्या पाण्यावर ३३ ला हा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो, २८ ला ८८. दाब उतरला की तरंगणं लवकर सुरू होतं. ट्रॅकच्या फाटकातून बाहेर पडण्यापूर्वी हवा पुन्हा भरणं हा या खेळाचा भाग आहे. ज्याला एवढाही धीर नाही त्याने ट्रॅकवर जाऊ नये आणि आंबा घाटात तर मुळीच येऊ नये.

आपल्या गावाची एक खास अडचणही सांगतो. समुद्रकाठची हवा दमट. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि ते तळाच्या नळातून रोज सोडायचं असतं. किती पंपांवर, किती पंक्चरच्या दुकानांत ते सोडतात? माझ्या टायरमधून मी व्हॉल्व्हची पिन दाबून हवेबरोबर पाण्याचा फवारा उडताना पाहिला आहे. टायरमधलं पाणी तापून वाफ झालं की दाब गणितापेक्षा जास्त आणि अडाण्यासारखा चढतो. टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचा खरा फायदा एवढाच आहे, की तो कोरडा असतो. बाहेरच्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. आधीची दमट हवा पुरती न काढता वरून नायट्रोजन मारून पैसे घेणं ही लूट आहे, आणि ती राजरोस चालते.

कॅम्बरविषयी, म्हणजे चाकाच्या कलाविषयी, बोलायला गेलं की आमच्याकडचे अलाइनमेंटवाले एकच वाक्य म्हणतात: "या गाडीत ते होत नाही." खरं आहे, स्विफ्ट, पोलोसारख्या गाड्यांत पुढचा कॅम्बर कारखान्यातून बदलता येईल असा दिलेला नाही. पण कॅम्बर बोल्ट मिळतात, वरच्या माउंटच्या प्लेटी मिळतात, आणि त्या न बसवता ट्रॅकवर जाणाऱ्याचे टायर बाहेरच्या खांद्यावरच झिजतात. कारण साधं आहे. वळणात गाडी बाहेरच्या अंगाला कलते, बाहेरचं चाकही तिच्याबरोबर कलतं, आणि आधीच तळहाताएवढा असलेला ठसा एका कडेवर येतो. चाक आधीच वरून आत झुकवून ठेवलं, दोन-अडीच अंश, तर ऐन वळणात ते सपाट बसतं. हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. टायरच्या खांद्यावर खडूची आडवी रेघ मारा, चार फेरे मारून या, खडू कुठपर्यंत पुसला गेला ते बघा. भिंतीपर्यंत पुसला असेल तर टायर लोळतोय: हवा कमी आहे किंवा कॅम्बर. त्याहून पुढे जायचं तर सुईचा पायरोमीटर घ्या आणि आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी रबरात टोचून उष्णता मोजा. मध्य जास्त तापला तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या तर हवा कमी, नुसती बाहेरची कड तापली तर कॅम्बर कमी. बंदुकीसारखा लाल ठिपक्याचा मीटर फक्त वरची साल मोजतो, ती गाडी थांबेपर्यंत गार झालेली असते. आणि चाकांचे नट गरम सत्रानंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, पुस्तिकेतल्या आकड्यावर. पायाने पान्यावर उभं राहून आवळणं हे काम नव्हे.

एवढं सगळं कशाला, चांगला ब्रँड घेतला की झालं, असं मला ऐकवणाऱ्यांना मी १९ जून २००५ ची आठवण देतो. इंडियानापोलिसला अमेरिकन ग्रां प्री होती. मिशेलिनचे टायर जगात कोणापेक्षा कमी नव्हते. पण शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाकरची गाडी तेराव्या, तिरप्या वळणावर टायर दगावून भिंतीवर आदळली. त्या वळणाचा भार आपले टायर पूर्ण शर्यतभर सोसतील याची खात्री देता येत नाही, असं कंपनीने स्वतः सांगितलं. शर्यतीच्या दिवशी मिशेलिनवरच्या १४ गाड्या एक फेरा मारून आत वळल्या, आणि ब्रिजस्टोनवरच्या फक्त सहा गाड्या धावल्या. त्यांत आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला. भारतीयाला फॉर्म्युला वनमध्ये मिळालेले ते पहिले गुण. त्या चौथ्या क्रमांकाचं कौतुक आपण करतो, करायलाच हवं. पण त्या दिवसाचा धडा दुसरा आहे. नामांकित टायर चुकीच्या वळणावर नेला तर तो नालायक ठरतो, आणि जगातल्या सर्वोत्तम अभियंत्यांना हे लाखो प्रेक्षकांसमोर कबूल करून गाड्या आत घ्यायची लाज वाटली नाही. आमच्या मुलाला मात्र कधी बनले हेही माहीत नसलेल्या टायरवर घाटात मागे राहायची लाज वाटते.

घाटाचं सांगतो. साखरप्यापासून वर आंब्यापर्यंतचा रस्ता कोणाच्या बापाचा ट्रॅक नाही. वळणापलीकडे एसटी असते, बंद पडलेला ट्रक असतो, पावसाळ्यात दरड, रात्री गवा. कडेच्या डोंगरातून जांभ्याची लाल माती वाहून डांबरावर येते आणि पहिल्या पावसात ऑइल, डिझेल व ही माती यांचा जो थर होतो त्यावर दोनशेच्या ट्रेडवेअरचं रबरसुद्धा हात टेकतं, कारण ते रबर तापल्याशिवाय काम करत नाही आणि ओल्या घाटात ते तापतच नाही. ट्रॅकचा टायर थंड असताना साध्या टायरपेक्षा वाईट असतो. हे माहीत नसलेला माणूस तो टायर लावून घाटात उतरतो, म्हणजे स्वतःचा जीव पणाला लावतोच, समोरून येणाऱ्याचाही लावतो. मोटार वाहन कायद्याचं १८९ वं कलम सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. माझ्या मते ही शिक्षा कमी आहे. एका टायरच्या किमतीइतका दंड कोणाला भीती घालणार?

पण सरकारने फक्त दंडाचं बोलू नये. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात परवान्याखाली आणली. देशी उद्योगाला संरक्षण हवं हे मला मान्य आहे. मग त्या उद्योगाने आपलं काम करावं. एमआरएफचा कारखाना गोव्यात उसगावला आहे, आपल्या दारात. शेजारच्या दोडामार्गात रबराच्या बागा उभ्या आहेत. एमआरएफ आणि जेके या दोन्ही कंपन्या देशातल्या शर्यतींना वर्षानुवर्षं टायर पुरवतात. तरी पंधरा इंची रिमवर बसणारा, ट्रॅकवर दिवस काढणारा, कायद्याने रस्त्यावरही चालणारा टायर सामान्य गिऱ्हाईकाने रत्नागिरीत मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघत राहतो. शर्यतीच्या जाहिरातीवर नाव मिरवायचं आणि शर्यत शिकू पाहणाऱ्या पोराला फळीवर काही ठेवायचं नाही, हा व्यवहार मला पटत नाही.

आणि शिकायला जागा नाही हे कारण मला सांगू नका. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, कार्टचा आहे, पण हवा, उष्णता, ठसा हे सगळं कार्टवर जितकं उघडं दिसतं तितकं कुठेच दिसत नाही. त्याच कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. कोईमतूरला करी स्पीडवे आहे, चेन्नईचा ट्रॅक आहे. लांब आहेत. मी जातो. वर्षातून एकदा जातो आणि बाकीचे दिवस घाटात चाळिशीने चालवतो.

त्या आरे-वारेच्या मुलाला मी माझा नंबर दिला आहे. पावसाळा संपला की मी कोल्हापूरला जाणार आहे, आणि त्यालाच काय, रत्नागिरीतल्या ज्या कोणाला यायचं असेल त्याला घेऊन जाईन. गेज माझ्याकडे दोन आहेत, पायरोमीटर एक आहे, खडू भरपूर आहेत. येताना मूळ मापाचे टायर लावून या, तारखा वाचून या. आणि तोवर उद्या सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना, चारही चाकांना गेज लावा.